फुईच्या नावाची जागा

धरणगाव,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. ललित यास,

आशीर्वाद. तुझ्या कंपनीचे पत्र पोहोचले. मजकूर इंग्रजीत होता आणि सही दुसऱ्या कोणाची होती. परंतु प्रत रवाना केलेल्यांत तुझे नाव होते. म्हणून उत्तर कंपनीस न देता तुला देत आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही. बोलता बोलता मी थांबतो आणि तुला वाटते, फोन कट झाला. तेव्हा पत्रच बरे.

कंपनीची विनंती अशी की, ‘मांडोना गाना’ हा तुझ्या आईचा संपूर्ण संच नव्या वाद्यमेळासह सर्वत्र ऐकवण्यास मी वारस या नात्याने लेखी संमती द्यावी. सोबत गायिकेचे नाव व छायाचित्र पाठवावे. आणि हे सारे अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, आत व्हावे, कारण पुढे लग्नसराई ऐन भरात येते. अंधेरीतल्या कार्यालयास आखाजीचे महत्त्व तूच सांगितलेले असणार. ते योग्यच आहे.

आता जानेवारीतल्या प्रकरणाविषयी. तुझी आई कार्तिकात गेली. जानेवारीत तुम्ही तिचे हळदीचे गाणे प्रसिद्ध केले. ते लाखो लोकांनी ऐकले, असे मला इतरांकडून कळले. मी आक्षेपाचे पत्र पाठवले, कंपनीने गाणे मागे घेतले, आणि त्यावरून तुला चारचौघांत ऐकून घ्यावे लागले, असे तुझ्या लोटनमामाने सांगितले. त्याचे मला वाईट वाटले. पत्राचे वाटले नाही.

आक्षेप काय होता, हे तुमच्या वकिलांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. कारण नव्या पत्रातही ‘मूळ ध्वनिमुद्रणातील दोष दूर करण्यात आले आहेत’ असे वाक्य आहे. तुला तो माहीत आहे. तरीही लेखी असावा, म्हणून मांडतो.

आपल्याकडे मांडवातले गाणे नावांवाचून पुरे होत नाही. ज्या घरचे लग्न, त्या घरच्या बायांची नावे गाण्यात गुंफावी लागतात: नवरीची माय, मामी, मावशी, फुई. (फुई म्हणजे आत्या, हे तुमच्या मंडळींना सांगावे.) एका घरी म्हटलेले गाणे दुसऱ्या घरी तसेच्या तसे चालत नाही. म्हणूनच या गाण्यांची कॅसेट निघू शकत नाही, असे मी, महाविद्यालयात विपणन शिकवणारा मनुष्य, तुझ्या आईस समजावून सांगितले होते. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “निंघी ना. मी मनं म्हनसू आनि थांबसू.” म्हणजे, माझे मी म्हणेन आणि थांबेन.

धुळ्यात हिलालभाऊंच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मी काचेच्या अलीकडे बसलो होतो. ती गात होती:

कोन उनी वं मांडोमा, कोन उनी,
हयद लावाले …… फुई उनी.

(उनी म्हणजे आली, हयद म्हणजे हळद; हेही तुमच्या मंडळींना सांगावे.) त्या मधल्या जागी ती गप्प राहिली. हिलालभाऊंनी यंत्र थांबवले.

“अक्का, भुली गयात का?”

“भुलनू नही, भाऊ. थांबनू. तठे मना काम नही.”

“मंग तठे काय वाजाडू? बासरी टाकू?”

“काहीच नको. तठे नवरीनी माय बोली.”

ती जागा अगदीच शांत नव्हती, हे तुला आठवत असेल. गाताना मांडीवर पितळी ताटली पालथी घालून ती बोटातल्या अंगठीने ठेका धरी. नावाच्या जागी गळा थांबे. अंगठी चालू राही. नाव घेणाऱ्या बायांचा ताल चुकू नये, एवढ्यासाठी. तुमच्या तंत्रज्ञांनी या जागा कापून ओळी एकमेकींना जोडल्या. यालाच तुम्ही दोषनिवारण म्हणता.

मूळ फीत ऐकून आणखी काही मुद्दे मांडले असते. परंतु घरचा टेप बिघडला आहे.

संमतीविषयी विचार करून मुदतीत कळवीन.

प्रेमराज भदाणे


धरणगाव,
दि. ९ मार्च २०२५

चि. ललित यास,

आशीर्वाद. पत्राला उत्तर म्हणून तुझा फोनवरचा संदेश मिळाला. तो येथे उतरवून घेतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल: “नाना, पहिल्या काही सेकंदांत माणूस पुढच्या गाण्यावर जातो. गॅप आली की तो गेलाच. एवढा वेळ कोण थांबतं? आणि पेनड्राइव्ह, कॅसेट आता विकत कोण घेतं?”

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. मी प्रश्नपत्रिका काढत असतो, तर दोन्ही विचारले असते. पहिल्याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही. दुसऱ्याचे आहे, कारण ते मी डोळ्यांनी पाहून आलो.

रुपचंद कासार तुला आठवत असतील. लहानपणी त्यांच्या पेटीतल्या फुटक्या बांगड्यांच्या काचा तू गोळा करायचास. हळदीआधी नवरीला आणि घरातल्या बायांना बांगड्या भरतात, म्हणून कोणाच्या घरी लग्न आहे हे पत्रिका छापण्याआधी कासाराला कळते. तुझ्या आईने हे हेरले होते. तिने दुकानात कधी एकही कॅसेट ठेवली नाही. सगळी रुपचंदांच्या पेटीत. बांगड्या भरून झाल्या की ते नवरीच्या मायच्या हातात कॅसेट ठेवत. पुढे सीडी आली, मग पेनड्राइव्ह. पेटी तीच राहिली. जाहिरात नाही, पोस्टर नाही, आणि माल नेमका त्या घरी, त्या आठवड्यात, त्याच बाईच्या हातात. असे वितरण मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. मी ते वर्गात शिकवत असे; तुझ्या आईचे नाव न घेता, ‘एका उत्पादकाचे उदाहरण’ म्हणून.

रुपचंदांचे गुडघे आता साथ देत नाहीत. या हंगामात मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेतो. पेटी ते मला उचलू देत नाहीत.

“सर, तुम्हीन हात लावू नका. तुम्हीन पुस्तकं उचलेल मानूस, बांगड्या फुटतीन.”

गेल्या आठवड्यात एरंडोलच्या अलीकडे एका घरी गेलो. घरच्या भागाबाई तुझ्या आईला ओळखत होत्या. मला स्कूटर उभी करताना पाहून त्यांनी पदर सावरला आणि विचारले, “काय सर, आते तुम्हीन बांगड्या भराले लागनात का?”

रुपचंदांनीच उत्तर दिले. “सरनी बदली व्हयेल शे. कॉलेजमातून पेटीमा.”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो असे रुपचंद म्हणतात.

बांगड्या भरून झाल्यावर भागाबाईंनी हात पुढे केला. “आनि ती दे, जी थांबस ती.”

ललित, हे नीट वाच. खेड्यापाड्यांत या संचाला ‘मांडोना गाना’ असे कोणी म्हणत नाही. ‘जी थांबस ती’ म्हणतात. जो तुमच्या मते दोष आहे, त्यानेच वस्तू ओळखली जाते. विपणनात याहून मोठे यश कोणते असते, ते तू मला सांग.

त्यांच्या सुनेने पेनड्राइव्ह लावून पाहिला. मी त्या वेळी स्कूटरच्या चाकातली हवा तपासायला बाहेर गेलो होतो. त्यामुळे आवाज कसा येतो, याविषयी प्रत्यक्ष सांगू शकत नाही. आतून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी नवरीच्या मामीचे नाव चुकीचे घेतले होते, आणि मामी रुसली होती.

दुसरे गिऱ्हाईक सुरतेचे. तिथल्या उधन्याला आपल्याकडची किती कुटुंबे गेली, तुला माहीत आहे. तिथल्या मुली गुजराती शाळेत शिकल्या. गाणी येत नाहीत, पण फुई कोण आणि मावशी कोण हे त्यांना पाठ असते. त्यांच्या आया गावी आल्या की एकीला दोन-दोन संच नेतात: एक घरासाठी, एक शेजारणीसाठी. शेजारीण कोणत्या जातीची, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. मांडव-डेकोरेशनवाले मात्र घेत नाहीत. त्यांचे म्हणणे, गाणे थांबले की गिऱ्हाईक ओरडते, “स्पीकर बंद पडला का रे?”

हा एक मुद्दा तुझ्या बाजूचा आहे. प्रामाणिकपणे नोंदवला.

प्रेमराज भदाणे


धरणगाव,
दि. ३१ मार्च २०२५

चि. ललित यास,

आशीर्वाद. काल गुढी उभारली नाही. शेजारच्या रत्नावहिनींनी पुरणपोळी पाठवली, ती खाल्ली.

त्यांच्याच घरची गोष्ट सांगायची आहे. फेब्रुवारीत त्यांच्या मुलीची हळद होती. त्यांच्या पुतण्याने तुमचे ते मागे घेतलेले गाणे आधीच फोनवर उतरवून ठेवले होते. घरात पेनड्राइव्ह असताना हौसेने तेच लावले. मी ओट्यावर बसलो होतो, ऐकायला येत होते. ढोलक चांगला होता, हे मान्य करतो. पण नाव घ्यायची जागा आली, बायांनी तोंड उघडले, आणि गाणे पुढे निघून गेले. दुसऱ्या ओळीला त्या आधीच तयार राहिल्या. गाणे त्यांच्याही आधी गेले. रत्नावहिनींची सासू काठी आपटत म्हणाली, “हाई काय गाडी चुकाडी ऱ्हायना का आपली?” शेवटी बाया गाण्यामागे धावून दमल्या आणि हसत खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, राग येवू देऊ नका, पन तुमना पोऱ्यानं मायना गानाले घाई लाई दिधी.”

राग आला नाही. पण वाक्य लक्षात राहिले.

फैजपूरलाही जाऊन आलो. तेथे आपली अहिराणी चालत नाही, त्यांची बोली निराळी. एका केळीच्या बागायतदाराच्या घरी बेबाबाई म्हणून आहेत. त्यांनी मागे एका लग्नात रुपचंदांकडून संच घेतला होता आणि आणखी हवा होता. मी विचारले, भाषा वेगळी असताना तुम्हाला या गाण्यांचा काय उपयोग? त्या केळीचे घड मोजणाऱ्या माणसाला काहीतरी ओरडून सांगत होत्या. ते पुरे करून माझ्याकडे वळल्या.

“गाणं तुमच्याकडचं हाय सर. पन मधली जागा तं आमचीच हाय ना?”

मी हे वाक्य बसमध्ये बसल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. तुझ्या आईला दाखवायचे, असे मनात आले, मग आठवले.

आणखी एक गोष्ट कळवायची होती. रुपचंद आखाजीनंतर मुलाकडे सुरतेस कायमचे जात आहेत. पेटी विकणार नाहीत म्हणतात, पण फेरी बंद होईल. त्यांच्यामागे ही पेटी उचलणारा कोणी नाही. म्हणजे संमती दिली नाही, तर तुझ्या आईचा आवाज या हंगामानंतर नव्या कोणत्याही घरी पोहोचणार नाही; आणि दिली, तर घरोघरी पोहोचेल, पण न थांबणारा. पेच असा आहे. तो तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

प्रेमराज भदाणे


धरणगाव,
दि. २७ एप्रिल २०२५

चि. ललित,

आशीर्वाद. तुझा संदेश वाचला. “नाना, जागा ठेवली तर गाणं कोणी ऐकणार नाही आणि नाही ठेवली तर तुम्ही ऐकू देणार नाही. आईचं गाणं माझंही आहे.”

शेवटचे वाक्य मला मान्य आहे.

संमतीपत्र टेबलावर आहे. सही केलेली नाही. त्यातला ‘कलाकाराचे नाव’ हा रकानाही तसाच आहे. तू विचारलेस की, इतक्या वर्षांत कव्हरवर आईचे नाव का छापले नाही. नावाशिवाय कंपनी कलाकाराला लोकांसमोर आणणार कशी. तुला कदाचित वाटत असेल की, मीच छापू दिले नाही. तसे नाही. मी तर मुद्रकाकडे पूर्ण नाव लिहून दिले होते. तिने ते कागदावरून खोडले. म्हणाली, “नाव टाकं ते गानं मनं व्हई जाई. मंग दुसरी बाई तिन्हामा तिनं नाव कसं ली?” म्हणजे, माझे नाव आले तर गाणे माझे होईल, मग दुसरीने आपले नाव त्यात कुठे घ्यायचे. मुद्रक माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला सांगितले, बाई सांगतात तसे करा. त्या दिवशी मी जितका ताठ चालत घरी आलो, तितका पदवीदान समारंभातूनही आलो नव्हतो.

काल लोटनमामा नरडाण्याहून स्वतः आला होता. त्याच्या भूमिकाचे लग्न ठरल्याचे तुला कळलेच आहे. त्याने अंगणातूनच सांगितले, “दाजी, हयदले येवानं शे. नुसतं लगीनले उनात ते चालाव नही.”

मी म्हणालो, वर्ष पुरे झालेले नाही, मी हळदीच्या ठिकाणी असणे बरे दिसत नाही, लग्नाला येईन.

“बरं कोनले दिसाव नही? मना बहीणना घरना मानूस शेतस तुम्हीन.” मग चहा पिताना बशीत पाहत म्हणाला, “हयदले तिनीच गाना लावसूत. भूमिका दुसरं काही लावू दे नही.”

मी त्याला लग्नाला येतो एवढेच पुन्हा सांगितले. तो निघताना दारात थांबला, कपाटावरच्या टेपकडे पाहून त्याने विचारले, “बिघडना का?”

ललित, टेप बिघडलेला नाही. पहिल्या पत्रात मी तसे लिहिले होते. त्याचे बटण मी कार्तिकापासून दाबलेले नाही, एवढेच. गाण्याची मला भीती वाटत नाही. तिचा गळा मी सहन करू शकेन. ती थांबते आणि अंगठी वाजत राहते, तेवढे मात्र या घरात एकट्याने ऐकण्याची माझी तयारी नाही.

तू भूमिकाच्या लग्नाला येणार आहेस की नाही, हे तिने मला विचारले. तिला सख्खा भाऊ नाही, हे तुला वेगळे सांगायला नको.

प्रेमराज


नरडाणे,
दि. १२ मे २०२५

चि. ललित,

अनेक आशीर्वाद. आखाजी होऊन गेली, मुदत टळली, याची मला जाणीव आहे. कंपनीस काय सांगायचे ते तू ठरव. मी काल येथून निघणार होतो. सुगंधामामींनी पिशवी लपवून ठेवली आहे, म्हणून लोटनच्या कपाशीच्या हिशेबाच्या कागदांवर लिहीत आहे. पाठीमागची बाजू वाचू नकोस.

मी हळदीला गेलो. कसा गेलो, ते सांगत नाही. लोटन गाडी घेऊन आला होता एवढे पुरे.

मांडवात पुरुषांच्या खुर्च्या एका बाजूला होत्या. मी शेवटच्या रांगेत बसलो. पाटावर भूमिका, भोवती बाया, आणि बायांच्या मागे सुरत-पुण्याहून आलेल्या मुली, प्रत्येकीच्या हातात फोन. तू ज्यांच्याविषयी लिहितोस, त्या याच मुली. पहिले गाणे सुरू झाले तेव्हा त्या फोनमध्येच होत्या. मायच्या नावाची जागा आली, गाणे थांबले. एका मुलीने वर पाहिले. तिलाही वाटले असावे, स्पीकर बंद पडला. तेवढ्यात म्हाताऱ्या बायांनी एका सुरात “सुगंधा” म्हटले आणि गाणे जणू त्यांचीच वाट पाहत होते तसे पुढे निघाले. त्या मुलीने फोन खाली केला. मामीच्या जागी तिने तोंड उघडले, पण नाव सुचले नाही. मावशीच्या जागी तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. मग सगळ्याच मुली पुढे सरकल्या. म्हाताऱ्या बायांना मागे रेटून, पुढच्या जागेची वाट पाहत उभ्या राहिल्या. वाट पाहत, ललित. तुझा प्रश्न होता, एवढा वेळ कोण थांबतं. मी हे पाहिले आहे आणि प्राध्यापक म्हणून साक्ष देण्यास तयार आहे.

नंतर फुईचे गाणे आले.

कोन उनी वं मांडोमा, कोन उनी,
हयद लावाले …… फुई उनी.

भूमिकाला फुई एकच. तुझी आई. आणि गात होती तीच.

गाणे थांबले. कोणी नाव घेतले नाही. अंगठी वाजत राहिली. मग ओळ पुढे गेली. पुढे बसलेली एक वृद्ध बाई शेजारणीला म्हणाली, आणि तेवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आले, “मरेल मानूसनं नाव हयदमा कसं लेवानं?” मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना नाव माहीत होते, पण घ्यावे की नाही ते माहीत नव्हते. सुगंधामामींच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली. ही ओळ गाण्यात पुन्हा पुन्हा येते. दुसऱ्यांदा आली, थांबली. पुन्हा नुसती अंगठी. भूमिकाने मान वर केली आणि बायांमधून थेट माझ्याकडे पाहिले.

तुला ठाऊक आहे, मी तुझ्या आईस आयुष्यभर ‘ऐकलंस का’ एवढेच म्हणत आलो. आमच्या लग्नात उखाण्याची वेळ आली, तेव्हा मी इंग्रजीत आभार मानले होते. ते तिच्या माहेरी आजही सांगून हसतात. वर्गात मी तिला ‘एक उत्पादक’ म्हटले. या पत्रांतही तू पाहिले असशील. तो माझा स्वभाव आहे आणि तिला त्याची तक्रार नव्हती.

ओळ तिसऱ्यांदा आली. तिचा गळा थांबला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “दिपमाला.”

जागा माझ्या अंदाजापेक्षा मोठी होती. नाव घेऊन झाले तरी अंगठी अजून वाजत होती. मी पुन्हा म्हणालो, “दिपमाला.” या वेळी मोठ्याने; वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज लागला. आणि तेव्हा ती पुढे गायली, “फुई उनी.”

पुढच्या खेपेस सबंध मांडवाने तुझ्या आईचे नाव घेतले. त्या वृद्ध बाईनेही. पुरुषांनीसुद्धा, ज्यांचे त्यात काही काम नव्हते. सुगंधामामींनी वाटीतली हळद भूमिकाच्या गालाला लावली आणि म्हणाल्या, “ही तुनी फुईनी.” मी उभाच होतो. लोटन मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाला, “दाजी, बठा आते. नही, थांबा. खुर्ची पडनी तुमनी.” त्याने ती उचलून दिली. स्वतः मात्र बराच वेळ तिच्या पाठीला धरून उभा राहिला.

आता कामाचे. संमतीपत्र मी येताना खिशात घालून आणले होते, ते सोबत आहे. त्यावर मी सही केली आहे. अट एकच, ती समासात लिहिली आहे: नावांच्या जागा आहेत तशा राहतील, त्यात वाद्य, आवाज किंवा काहीही घातले जाणार नाही, अंगठीचा ठेका काढला जाणार नाही. बाकी ढोलक हवा तर ठेवा, तो चांगला होता. कंपनीला ही अट मान्य नसेल, तर कागद फाडून टाक. तुझ्या आईचे गाणे घाईत जाण्यापेक्षा रुपचंदांच्या पेटीत सन्मानाने राहील. पण तू त्यांना पटवशील असे मला वाटते. ‘जी थांबस ती’ हे नाव त्यांना सांग. यापेक्षा चांगले तुमच्या सगळ्या विभागाला सुचणार नाही.

‘कलाकाराचे नाव’ या रकान्यात मी काही लिहिलेले नाही. तो चुकून राहिलेला नाही. तिचे नाव मांडवात घेतले गेले; कागदावरून तिने ते स्वतः खोडले होते. छायाचित्रही पाठवत नाही. हवे असल्यास पालथ्या ताटलीचे घ्या. ती आपल्या घरी आहे, अंगठीही आहे. घ्यायला तू स्वतः ये, कुरिअरवाल्याला मी देणार नाही.

आणखी एक राहिले. फुईच्या गाण्यानंतर भावाचे गाणे असते, हे तू विसरला असशील. नवरीचा भाऊ मांडवाच्या दारात उभा राहतो आणि बाया त्याचे नाव घेऊन त्याला आत बोलावतात. भूमिकाला सख्खा भाऊ नाही. दारात कोणी नव्हते. मला वाटले, लोटन ते गाणे बंद करायला सांगेल. कोणी सांगितले नाही. जागा आली, आणि त्या सगळ्या मुलींनी, म्हाताऱ्या बायांनी, भूमिकाने स्वतः पाटावरून तुझे नाव घेतले. ललित.

सगळे दाराकडे पाहत होते. तू नव्हतास. तुझी आई तेवढा वेळ थांबली होती.

तुझे,
नाना